स्टेपनीची रिकामी जागा

मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर आमच्याकडे जी चर्चा सुरू झाली ती चहापर्यंत टिकली आणि चहानंतरही संपली नाही. विषय राजकारण नव्हता, कुणाचं लग्नही नव्हतं. विषय होता टायर!

लेकीच्या गाडीचे टायर झिजलेत, ते या महिन्यात बदलायचे आहेत. आता पुन्हा तसलेच 'रनफ्लॅट' टायर घ्यायचे की साधे ट्यूबलेस घेऊन डिकीत एक स्टेपनी टाकायची, हा वाद. जावई रनफ्लॅटच्या बाजूने, मी विरुद्ध, लेक एकदा इकडून एकदा तिकडून, आणि सौ.चं म्हणणं, आधी ती गाडी धुऊन तरी आणा. तोंडी वादात मी हमखास हरतो, कारण मुद्दा आठवेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. शाळेत निदान हातात खडू होता. म्हणून इथे लिहितो आहे. आपले नातेवाईक हे वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी दोन्ही बाजू कळल्या असं मात्र समजू नये, ही सरळसरळ माझी बाजू आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं मास्तरकीचं. रनफ्लॅट म्हणजे हवा गेली तरी चालणारा टायर. साध्या टायरमध्ये गाडीचं ओझं हवा पेलते, रबर फक्त हवेला धरून ठेवतं. हवा गेली की टायर चपटा होतो आणि रिम त्याला चिरडते. रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंती जाड आणि कडक रबराच्या केलेल्या असतात, त्यामुळे हवा गेल्यावर त्या भिंतीच गाडी उचलून धरतात. किती वेळ? साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने ८० किलोमीटर, असं कंपन्या सांगतात. त्याच्या पुढे त्या भिंती दुमडून दुमडून इतक्या तापतात की टायर आतून जळाल्यासारखा होतो. गंमत म्हणजे हवा गेली हे चालवणाऱ्याला कळतच नाही, गाडी तशीच चालते. म्हणून अशा गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असावीच लागते. समोर पिवळा दिवा लागतो, तेव्हा समजायचं.

कल्पना तशी जुनी. डनलॉपने १९७०च्या दशकात 'डेनोव्हो' नावाचा असा टायर इंग्लंडमध्ये आणला होता. पुढे मिशेलिनने 'पॅक्स' काढला, त्यात टायरच्या आत एक आधाराचं कडंच बसवलेलं असे. अमेरिकेत होंडाच्या काही ओडिसी गाड्यांना तो दिला होता. पण तो दुरुस्त करणारी दुकानं मोजकी, यंत्र वेगळं, खर्च भरमसाट. लोक कोर्टात गेले आणि ती पद्धत काही वर्षांत गुंडाळावी लागली. टिकला तो हा कडक भिंतींचा प्रकार, आणि तो सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरला बीएमडब्ल्यूने, या शतकाच्या सुरुवातीपासून. मात्र त्याच कंपनीच्या एम थ्री, एम फाइव्ह या खास वेगवान गाड्यांना रनफ्लॅट देत नाहीत. हे मला कळलं तेव्हा मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं. ज्यांना गाडीची पकड आणि चाल सगळ्यात जास्त हवी, त्यांच्यासाठी ते वापरत नाहीत, म्हणजे काहीतरी असणारच ना?

आता माझा राग कुठून आला ते सांगतो.

२०२३चा जुलै. दादांचं वर्षश्राद्ध देवरुखला. आम्ही पहाटे चारला पुण्याहून निघालो. जावई गाडी चालवत होते, शेजारी लेक, मागे आम्ही दोघं. गाडी एका परदेशी कंपनीची, नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका कंपनीचा नाही. कराडला चहा घेतला, कोकरूडवरून मलकापूर गाठलं. पाऊस असा की वायपर लावूनही न लावल्यासारखं. मलकापूर सोडून आंबा घाटाकडे निघालो आणि पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं पुढचं चाक धाडकन गेलं. तो आवाज मी अजून विसरलो नाही, तांब्याचा हंडा फरशीवर आपटावा तसा. शंभरेक मीटर गेलो असू, समोर दिवा लागला, आणि चाकाखालून फडफड असा आवाज यायला लागला.

जावई शांत होते. "बाबा, काळजी नको, रनफ्लॅट आहेत. ऐंशी किलोमीटर जातील." उतरून पाहिलं तर टायरची बाजूची भिंत बोटभर फाटलेली आणि रिमला पोचा. ज्या भिंतीने गाडी उचलून धरायची तीच फाटली, मग उचलणार कोण? खिळा घुसला असता तर जावयांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण आपल्या रस्त्यांवर चाकाला होणारा आजार खिळ्याचाच असेल असं कुणी सांगितलं?

मग डिकी उघडली. मी चटकन म्हणालो, "स्टेपनी काढा, अर्ध्या तासाचं काम." जावयांनी डिकीचं कार्पेट उचललं. खाली एक सुबक साचा होता, त्यात लाल त्रिकोण, हूक आणि एक छत्री. जिथे पाचवं चाक असायला हवं तिथे छत्री! (ती तेव्हा उपयोगी पडली, हेही नमूद करतो.)

गाडी रखडत मलकापुरात परत आणली. तिथला टायरवाला मुलगा फार भला. त्याने चाक फिरवून पाहिलं, भिंतीवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "काका, ह्याला मी काय करू शकत न्हाई. साईड फाटलीया. आन् हे कडक टायर माझ्या मशीनवर निघायचं बी न्हाईत." त्याने कोल्हापुरात चार ठिकाणी स्वतःच्या फोनवरून विचारलं. त्या मापाचा रनफ्लॅट कुणाकडेच नव्हता. साधा टायर एकाकडे होता, पण कंपनीच्या मदत क्रमांकावरून सांगण्यात आलं की एक साधा आणि तीन रनफ्लॅट अशी मिसळ करू नका. ते म्हणणं चूक नव्हतं. गाडी शेवटी ट्रकवर चढवून कोल्हापूरला गेली, टायर पुण्याहून मागवावा लागला आणि तो तिसऱ्या दिवशी आला. टायरचे बावीस हजार, ट्रकचे वेगळे, रिमचे वेगळे.

जावई गाडीबरोबर थांबले. आम्ही तिघं एसटीने साखरप्यापर्यंत आणि तिथून दुसऱ्या एसटीने देवरुखला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पानं उचलून झाली होती. विधी पुतण्यानेच करायचा होता, मी असतो तरी नुसता बाजूला बसलोच असतो. पण बसायचं होतं. दादांनी मला सायकल शिकवली होती, पंक्चर काढायलाही त्यांनीच शिकवलं होतं, घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. वहिनींनी काही विचारलं नाही, फक्त माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं.

असो. हा राग एका दिवसाचा असता तर विसरलो असतो. पण परत आल्यावर मी या टायरचं सगळं वाचायला लागलो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की खरी गोष्ट टायरची नाहीच, ती गाडीच्या वजनाची आहे.

आमची पहिली गाडी सेकंडहँड फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वजन सुमारे ९०० किलो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, ती साडेसहाशे किलोंच्या आसपास. तेव्हा लोक हसायचे, म्हणायचे पत्र्याचा डबा, वाऱ्याने उडेल. आज लेकीची गाडी दीड टनाच्या वर आहे आणि तिला कुणी जड म्हणत नाही! ही काही एका कंपनीची गोष्ट नाही. फोक्सवॅगनची गोल्फ १९७४ साली आली तेव्हा ८०० किलोंच्या आत होती, आजची आठवी पिढी १,२०० किलोंच्या वर. १९५९ची मूळ मिनी सहाशेच्या घरात, आज मिनी म्हणून जी विकतात ती टनाच्या वर. नाव मिनीच ठेवलंय, हे मात्र बरं केलं.

वजन का वाढलं याची काही कारणं चांगली आहेत, ती नाकारणं लबाडी होईल. धडकेत आतला माणूस वाचावा म्हणून मजबूत पोलाद, दारातल्या कांब्या, एअरबॅग. आपल्याकडे २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली. माझ्या फियाटमध्ये यातलं काही नव्हतं, समोरून काही आलं असतं तर स्टिअरिंगचा दांडा थेट छातीत. ती गाडी आज माझ्या लेकीला मी देणार नाही. पण सगळं वजन सुरक्षिततेचं नाही. विजेवर मागेपुढे होणाऱ्या खुर्च्या, भलं मोठं काचेचं छत, वीतभर जास्त उंची, अठरा इंची चाकं, हे सगळं किलोकिलोने साठत जातं. आणि मनात आणलं तर कमीही करता येतं. २०१८ची स्विफ्ट आधीच्या स्विफ्टपेक्षा हलकी होती.

आता हे गणित पाहा. माझ्या मारुतीच्या टायरवर लिहिलेलं असायचं १४५/७० आर १२. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. १४५ चे ७० टक्के, म्हणजे साडेएकशे एक मिलिमीटर. लेकीच्या गाडीचा टायर २२५/४५ आर १८. २२५ चे ४५ टक्के किती? एकशे एक आणि पाव! मी दोनदा गुणाकार केला. एवढं भलंमोठं चाक, पण रस्ता आणि रिम यांच्यामध्ये रबराची उंची तेवढीच, चार बोटं. तेव्हा तेवढ्या उंचीवर साडेसहाशे किलो बसायचे, आज त्याच्या दुपटीहून जास्त. मग ते रबर रुंद करा, कडक करा, रनफ्लॅट असेल तर आणखी कडक करा. खड्ड्याचा धक्का मुरायला जागा उरते कुठे? तो रिमला जातो, आणि तिथून माझ्या कमरेला.

हे रनफ्लॅट वजनालाही जड असतात, साध्या टायरपेक्षा दर टायरमागे किलो-दोन किलो, कधी त्याहूनही जास्त. जावई म्हणतात, दोन किलोचं काय घेऊन बसलात? तर इथे एक उदाहरण देतो, कोकणात वाढलेल्या कुणालाही पटेल. पावसात शेताच्या बांधावरून चाललात की चपलेला चिखलाचे गोळे चिकटतात. तेवढंच वजन खांद्यावरच्या पिशवीत असेल तर जाणवतही नाही, पण पायाला असेल तर दहा पावलांत दम लागतो. गाडीचं तसंच आहे. स्प्रिंगच्या वरचं वजन म्हणजे पिशवी, स्प्रिंगच्या खालचं म्हणजे चपलेचा चिखल. चाक जड झालं की खड्ड्यातून वर उचलायला आणि परत रस्त्यावर टेकवायला वेळ लागतो, धक्का वाढतो, आणि ते फिरवायला आणि थांबवायलाही जोर जास्त लागतो.

आणि यातली खरी मेख अशी की स्टेपनी काढण्याचं एक कारण वजन कमी करणं हेच सांगतात. चाक, जॅक, पाना मिळून पंधरा-वीस किलो. ते काढले की कागदावर गाडी हलकी, पेट्रोलचा आकडा किंचित चांगला, डिकी मोठी, आणि कंपनीचा एका चाकाचा खर्चही वाचला. मग त्यातले निम्मे-पाव किलो जाडजूड टायरच्या रूपाने परत आले, तेही नेमके चपलेच्या ठिकाणी. सावकाराचं फेडायला दुसऱ्या सावकाराकडून काढावं, त्यातला प्रकार.

मराठी शिकवत असल्यामुळे शब्दांची खोड जात नाही. हा 'स्टेपनी' शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो (आणि त्याचे काही चावट उपयोगही आपण करून ठेवले आहेत), पण तो आला वेल्समधल्या लनेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसेच. पंक्चर झालं की रस्त्यातच बसून टायर उतरवायचा आणि ठिगळ लावायचं. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी टायरसकट एक आऱ्यांविना रिम तयार केली, ती पंक्चर झालेल्या चाकाला क्लॅम्पने अडकवायची आणि पुढे निघायचं. तीच स्टेपनी. इंग्रज तो शब्द बहुतेक विसरले, आपण जपला. पंक्चरवाल्यापासून मंत्र्याच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तोच वापरतात. आता वस्तूच चालली.

कारण कायदाही बदलला. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि त्या ऑक्टोबरपासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. अट एवढीच, की टायर ट्यूबलेस असावेत, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असावी आणि पंक्चर दुरुस्तीची पेटी असावी. जागा वाचेल, विजेवरच्या गाड्यांना बॅटरीसाठी ती जागा कामी येईल, असा विचार त्यामागे होता. दिल्लीत बसून तो चुकीचा वाटत नाही. आंबा घाटाच्या पायथ्याशी वाटतो. त्या पेटीत काय असतं? डिंकासारखा द्रव असलेली बाटली आणि छोटा पंप. खिळ्याच्या भोकाला ठीक. भिंत फाटली तर ती बाटली आणि माझी छत्री सारखीच.

विजेच्या गाड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. मी त्यांच्या विरुद्ध नाही, आमच्या धायरीच्या रस्त्यावरचा धूर ज्याने खाल्लाय तो विरुद्ध असूच शकत नाही. पण बॅटरीचं वजन फार. अमेरिकेतली विजेवरची हमर ४,००० किलोंच्या वर आहे आणि तिची नुसती बॅटरी १,३०० किलोंच्या, म्हणजे दोन मारुती ८००! पॅरिसच्या लोकांनी २०२४च्या फेब्रुवारीत मतदान घेऊन ठरवलं की बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना पार्किंगचे तिप्पट पैसे, मध्यभागात तासाला १८ युरो. साध्या गाडीला मर्यादा १.६ टन, विजेवरच्या गाडीला २ टन. मतदानाला सहा टक्के लोकही आले नव्हते, हे खरं. पण प्रश्न कुणीतरी विचारला. आपल्याकडे गाडीचं वजन किती, हे विकत घेणाऱ्याला तरी माहीत असतं का? मी सोसायटीत पाच जणांना विचारलं. मायलेज पाचही जणांना पाठ, वजन एकालाही नाही.

वजनाने रस्ते खराब होतात, असंही माझं म्हणणं होतं. तिथे मात्र मला माघार घ्यावी लागली. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमध्ये रस्त्यावरून ट्रक फिरवून फिरवून मोठा प्रयोग केला होता. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. या हिशेबाने लेकीची गाडी आणि माझी मारुती यांच्यात पुष्कळ फरक पडतो, पण भरलेल्या ट्रकच्या एका आसापुढे दोन्ही गाड्या मुंगीच. २०१८ साली आपल्याकडे ट्रकच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. चौथा घात काढून पाहा, झीज साठ टक्क्यांनी वाढते. तेव्हा तो खड्डा गाड्यांनी पाडला नव्हता, हे मी कबूल करतो. ट्रकने पाडला, पावसाने मोठा केला आणि कंत्राटदाराने सांभाळला.

पण जड गाडीचं ओझं फक्त रस्ता सोसत नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. सरकारचेच आकडे आहेत. गाडी जड आणि मजबूत झाली की आतला वाचतो, चांगलं आहे. समोर स्कूटरवर जो आहे त्याच्यासाठी कुठली एनकॅप? माझे निम्मे विद्यार्थी अजून दुचाकीवर फिरतात.

इथपर्यंत मी रविवारी बोललो होतो, जरा आवेशातच. मग लेक बोलली.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसाचं सांगताय. मी हिंजवडीहून रात्री साडेअकराला निघते. बायपासवर नवले पुलाच्या उतारावर माझं टायर बसलं तर मी खाली उतरून जॅक लावू?"

मला उत्तर सुचलं नाही. तो उतार सगळ्या पुण्याला माहीत आहे. २०२२च्या नोव्हेंबरात तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या एका दमात ठोकरल्या. तिथे रात्री एकट्या बाईने, खरं तर कुणीच, रस्त्याकडेला चाक बदलत बसू नये. जावयांनी लगेच एक्सप्रेसवेची आठवण दिली. गेल्या वर्षी त्यांना खोपोलीच्या अलीकडे खरोखर खिळा लागला होता, दिवा लागला, ते ताशी सत्तरने शांतपणे पुण्याला आले. त्या दिवशी रनफ्लॅटने आपलं काम चोख केलं. (पुढे तो टायर फेकावा लागला, कारण हवेशिवाय चाललेल्या टायरच्या आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही आणि बरेच दुकानदार त्याला हात लावत नाहीत. दीडशे रुपयांच्या पंक्चरला बावीस हजार. पण जिवापुढे बावीस हजार काय, हे जावयांचं म्हणणं मी खोडू शकत नाही.)

दोन दिवस मी त्यावर विचार केला. आता जे लिहितो ते रागाने नाही.

लेकीला खरी मदत कशाची होते? टायर कडक असल्याची, की दिवा वेळेवर लागल्याची? खिळा लागलेला ट्यूबलेस टायर बहुधा एकदम बसत नाही, हवा हळूहळू जाते. कळलं तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जायला वेळ मिळतो. कळलं नाही तर माणूस बेफिकीर चालवत राहतो आणि टायर चिरडला जातो. म्हणजे जीव वाचवणारी वस्तू ही दाब सांगणारी यंत्रणा आहे, आणि ती गाडीत आधीपासून आहे, साध्या टायरवरही ती चालेल. डिकीत छोटा हवेचा पंप ठेवला तर पंपावर उजेडात थांबून हवा भरायची आणि घर गाठायचं. हवा एकदम गेली तर? तर रनफ्लॅट सरस आहे, हे मी मान्य करतो. पण आपल्याकडे हवा एकदम जाते ती बहुतेक वेळा खड्ड्याने भिंत फाटल्यावर, आणि तेव्हा रनफ्लॅटचा भरवसा नाही, हे आम्ही मलकापुरात पाहिलं.

म्हणून माझं मत असं, की चार साधे, चांगल्या कंपनीचे ट्यूबलेस, शक्य असेल तर एक इंच लहान रिमवर, म्हणजे भिंत जरा उंच मिळेल. डिकीत एक अरुंद स्टेपनी. ती फक्त दिवसा, लांबच्या प्रवासात, किंवा कुणी मदतीला असेल तेव्हा वापरायची. रात्री बायपासवर काही झालं तर दिवे लावून हळूहळू पुढच्या पंपापर्यंत जायचं, टायरचा चुरा झाला तरी चालेल. साधा टायर तेरा हजारांचा आहे, त्याचा चुरा परवडतो.

जावयांनी यावर दोन आक्षेप घेतले. पहिला, डिकीत स्टेपनीसाठी खोलगा नाही, ती पट्ट्याने बांधून ठेवावी लागेल आणि सामानाची जागा जाईल. हे खरं आहे. दुसरा असा, की "बाबा, तुम्ही वजनाविरुद्ध एवढं बोलता आणि डिकीत पंधरा किलो घालायला सांगता!" मी म्हटलं, ती पिशवी आहे, चिखल नाही. शिवाय देवरुखला जाताना मी मागे बसतो तेच बहात्तर किलोंचं ओझं आहे, ते कुठे कुणी मोजलं?

मग प्रात्यक्षिक झालं. काल संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांकडून जॅक आणि पाना आणला. मी लेकीला दाखवणार होतो. चाकाखाली वीट लावली, जॅकची जागा दाखवली, आणि सांगितलं की गाडी उचलण्याआधी नट सैल करायचे, नंतर नाही. फियाटची चाकं मी घाटात पावसात बदललेली आहेत. पाना लावला आणि जोर दिला. नट हलला नाही. पुन्हा दिला. गुडघ्यातून कळ आली आणि वॉचमन बघतोय हे दिसलं.

लेकीने मला बाजूला केलं, पाना आडवा धरला आणि त्याच्या टोकावर एक पाय देऊन उभी राहिली. कर्रकन आवाज झाला आणि नट सुटला. पाचही नट तिने तसेच काढले, परत बसवले, हात पुसले आणि म्हणाली, "बघू."

दुकानदाराने शनिवारपर्यंत सांगा म्हटलंय.